'इफ'च्या वाक्यात 'विल' आणि 'वुड' कुठे घालायचं?

इंग्रजीतलं जर-तरचं वाक्य बहुतेक वेळा एकाच जागी फसतं. 'इफ'च्या भागात 'विल' किंवा 'वुड' घुसतं. म्हणून आधी वाक्याचे दोन तुकडे पाडा, एक अटीचा आणि एक निकालाचा. 'विल', 'वुड' निकालाच्या तुकड्यात ठेवा.

मग अट कशी आहे ते ठरवा. नेहमीच खरी ठरणारी असेल तर दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ येतो: 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' यात चुकायला फारसं काही नाही.

पुढे घडू शकेल अशी असेल तर अटीत वर्तमानकाळ आणि निकालात 'विल'. 'उद्या पाऊस पडला तर आम्ही घरी राहू' याचं 'इफ इट विल रेन' करू नका. 'इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल स्टे होम' एवढं पुरे.

नुसती कल्पना असेल तर अटीत भूतकाळाचं रूप, निकालात 'वुड': 'इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्राइव्ह टु नाशिक.' रूप भूतकाळाचं असलं तरी गोष्ट आत्ताची आहे. गाडी आज नाही. बोलताना 'इफ आय वॉज' सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत आणि अर्जात 'इफ आय वेअर' लिहिलेलं बरं.

खरी गोम आहे ती हुकलेल्या गोष्टींत. 'मला कळलं असतं तर मी आलो असतो.' आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असणं' येतं, म्हणून आपण बिनधास्त 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम' लिहून मोकळे होतो. प्रमाण इंग्रजीत अटीला 'हॅड' लागतं: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' दोन्हीकडे क्रियापदाचं तिसरं रूप. इंग्रजी सिनेमे बघून शिकणाऱ्यांचा गोंधळ आणखी वाढतो, कारण बोलताना 'आय हॅड'चंही 'आयड' होतं आणि 'आय वुड'चंही. कानाला फरक कळतच नाही. लिहिताना मात्र दोन्ही शब्द सुटे करून बघा. अमेरिकेत बोलताना अटीतही 'वुड हॅव' ऐकू येतं, पण तेवढ्यावर विसंबून ते पेपरात लिहू नका.

अट कालची आणि परिणाम आजचा असेल तर प्रत्येक तुकड्याला त्याचा काळ द्या: 'इफ आय हॅड टेकन द मेडिसिन, आय वुड बी फाइन नाऊ.'

'इफ'चा तुकडा आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. नंतर आला तर सहसा लागत नाही. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, त्याला आणखी 'डोन्ट' जोडू नका: 'अनलेस यू हरी, यू विल मिस द ट्रेन.'

आणि अटीत 'विल' चालतं अशीही एक जागा आहे, नम्र विनंतीची: 'इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम.' इथे 'विल' भविष्यकाळ दाखवत नाही, समोरच्याची तयारी विचारतं.