रास्पबेरी पाय हँग झाला तर आपोआप रीस्टार्ट: वॉचडॉगची मांडणी

रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या चिपमध्येच वॉचडॉग टायमर असतो, वेगळा भाग विकत घ्यावा लागत नाही. ठरलेल्या वेळात सॉफ्टवेअरने त्याला किक (मी चालू आहे, असा संकेत) दिली नाही की तो अख्खा बोर्ड रीसेट करतो. या टायमरची कमाल मर्यादा सुमारे १५ सेकंद आहे, म्हणून १० सेकंद ठेवणे सुरक्षित.

सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था. तिच्या 'सिस्टम डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक' या ओळीपुढचे हॅशचिन्ह काढा, किंमत १० द्या आणि रीबूट करा. 'वॉचडॉग' नावाचे वेगळे पॅकेज आधीपासून चालू असेल तर ते बंद करा. वॉचडॉग डिव्हाइस एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, दुसऱ्याला 'बिझी' अशी एरर येते.

इथे थांबलात तर काम अर्धेच झाले. कर्नल (लिनक्सचा गाभा) गोठला तर बोर्ड रीसेट होईल, पण तुमचा सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम अडकला तरी सिस्टमडी बिचारा किक देतच राहील. म्हणून तुमचा प्रोग्रॅम कसा चालवायचा हे सिस्टमडीला सांगणाऱ्या सर्व्हिस फाइलमध्ये टाइप 'नोटिफाय', 'वॉचडॉगसेक' ३० आणि रीस्टार्ट 'ऑलवेज' लिहा. मग ३० सेकंद प्रोग्रॅमकडून संदेश आला नाही तर सिस्टमडी त्याला मारून पुन्हा सुरू करतो. प्रोग्रॅमने सुरू होताच 'रेडी' संदेश पाठवायलाच हवा, नाहीतर डीफॉल्टनुसार ९० सेकंदांनी सिस्टमडी त्याला मारतो. पुढे दर १५ सेकंदांनी 'वॉचडॉग' संदेश पाठवायचा. प्रोग्रॅम शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर 'नोटिफायअ‍ॅक्सेस' 'ऑल' करा. एरवी फक्त मुख्य प्रोसेसचाच संदेश ग्राह्य धरला जातो.

सर्वात घातक चूक म्हणजे 'वॉचडॉग' संदेश वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणाऱ्या धाग्यातून) पाठवणे. मुख्य लूप सीरियल पोर्टवर उत्तराची वाट बघत कायमचा अडकतो, थ्रेड मात्र सगळे ठीक असल्याचे सांगत राहतो. रीडिंग मिळाले, फाइलमध्ये लिहिले गेले, त्यानंतरच्याच ओळीत संदेश पाठवा. सीरियल वाचनाला ५ सेकंदांचा टाइमआउटही द्या. इंटरनेट गेले म्हणून मात्र हा संदेश थांबवू नका. राउटर बंद असेपर्यंत प्रोग्रॅम पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहील.

चाचणीशिवाय बोर्ड पंपघरासारख्या प्रत्यक्ष जागी बसवू नका. आधी 'सिंक' चालवा (राहिलेला डेटा कार्डावर लिहिला जातो), 'कर्नल डॉट पॅनिक' शून्य असल्याची खात्री करा (म्हणजे कर्नल स्वतःहून रीबूट करणार नाही), मग रूट म्हणजे प्रशासकाच्या शेलमधून 'सिसआरक्यू ट्रिगर' फाइलमध्ये छोटे 'सी' अक्षर लिहा, त्याने कर्नल मुद्दाम कोसळवला जातो. नुसता 'सुडो एको' चालत नाही, कारण फाइलमध्ये लिहिण्याचे काम शेल स्वतःच्याच परवानगीने करतो. कर्नल कोसळल्यावर १० सेकंदांच्या आसपास बोर्ड रीसेट व्हायला हवा. प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी प्रोसेसला 'स्टॉप' सिग्नल द्या. ३० सेकंदांत वॉचडॉग टाइमआउटची नोंद जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) दिसली पाहिजे. जर्नलचे 'स्टोरेज' 'पर्सिस्टंट' ठेवा, नाहीतर रीसेटआधीच्या नोंदी पुसल्या जातात आणि मूळ बिघाड सापडत नाही.