जुन्या पद्मिनीच्या दिव्यांमधला शॉर्ट कसा शोधावा

पार्किंग लाइट लावताच फ्यूज उडतो, नवा घातला की तोही उडतो आणि असे दोन-तीन फ्यूज खर्ची पडल्यावर कोणीतरी सल्ला देतो की आता सगळी वायरिंगच बदलून टाका. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना हा प्रसंग नवा नाही. वायरिंग बदलणे काही वेळा खरोखरच आवश्यक असते. परंतु बहुतेक वेळा दोष, म्हणजे तार थेट गाडीच्या बॉडीला टेकून होणारा शॉर्ट, इंचभर तारेत असतो आणि योग्य क्रमाने शोधल्यास तो घरच्या घरी सापडतो.

लागणारी सामग्री थोडी आहे: साधा मल्टीमीटर, इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरसह आणि त्याला जोडलेल्या, टोकांना क्लिपा असलेल्या दोन तारा (हाच आपला टेस्ट लॅम्प). त्याखेरीज गाडीच्या वायरिंगचा नकाशा मिळाल्यास उत्तम, कारण फियाट घराण्याच्या काही गाड्यांत एकाच फ्यूजवर पुढचा डावा आणि मागचा उजवा दिवा असतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस विनाकारण एकाच बाजूला शोधत बसतो. अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली, केबल चटकन काढता येईल इतपतच घट्ट ठेवावी. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ती गळती थांबवावी. ठिणग्यांचे काम त्यानंतरच.

प्रथम उडालेला फ्यूज नीट पाहावा. पट्टी क्षणात वितळून काळे डाग पडले असतील, तर तो सरळ शॉर्ट असतो. पट्टी मध्येच नरम होऊन तुटली असेल आणि फ्यूज दिवे लावल्यावर काही मिनिटांनी गेला असेल, तर सर्किटवर क्षमतेपेक्षा जास्त भार असण्याचा संभव अधिक. हेडलाइटमध्ये मूळ ४५/४० वॅटच्या (अपर/डिपर) जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवलेल्या गाडीत प्रत्येक बल्ब अपरवर आठ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो, तेव्हा आठ अँपिअरचा पांढरा फ्यूज तग धरत नाही यात नवल नाही. तिसरी शक्यता गंजाची. या जुन्या टोकदार फ्यूजची टोके पितळी पट्ट्यांत नुसत्या दाबाने बसतात. पावसाळ्यात तिथे गंज चढला की संपर्क बिघडतो, टोक तापते आणि शॉर्ट नसतानाही फ्यूज वितळतो. सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळून फ्यूज ‘दुरुस्त’ करण्याची चाल मात्र कायमची सोडावी, कारण मग फ्यूजऐवजी तारच वितळते.

शॉर्ट आहे असे ठरल्यावर त्या सर्किटमधले सगळे बल्ब काढावेत. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून वगळली जाते आणि तिथेच शोध फसतो. पाच वॅटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध सुमारे २९ ओहम असतो, पण थंड फिलामेंटचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम भरतो. असे चार-पाच बल्ब समांतर जोडलेले असताना मल्टीमीटर अर्धा-पाऊण ओहम दाखवतो आणि नवशिक्याला निर्दोष सर्किटसुद्धा शॉर्ट वाटते. बल्ब काढून, लाइटचे बटण बंद ठेवून, फ्यूजच्या दिव्यांकडील टोकापासून बॉडीपर्यंतचा रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य आला, तर दोष तारेत किंवा होल्डरमध्ये आहे. तार मोकळी दिसली, तर काढलेल्या बल्बांकडे आणि हलल्यावरच होणाऱ्या शॉर्टकडे संशय वळवावा.

आता फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडावा आणि पार्किंग लाइट लावावेत. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला, म्हणजे प्रवाह कुठेतरी थेट बॉडीत जात आहे. या बल्बमुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास मर्यादित राहतो, त्यामुळे तारा तापत नाहीत आणि फ्यूज न जाळता निवांत शोध घेता येतो. मीटरमागचे छोटे बल्ब काढणे गैरसोयीचे असेल तर ते तसेच राहू द्यावेत. त्यांच्यामुळे टेस्ट लॅम्प फार तर अगदी मंद दिसेल, पूर्ण उजेडाने पेटणार नाही.

यापुढे सर्किटचे तुकडे पाडायचे. फ्यूजवरून बहुधा एकाहून अधिक तारा निघतात. त्या एकेक सोडवाव्यात. जी सोडवल्यावर टेस्ट लॅम्प विझतो, त्या शाखेत दोष आहे. मग त्या शाखेचा मधला जोड उघडावा. लॅम्प तरीही पेटलेला राहिला तर दोष जोडाच्या अलीकडे, विझला तर पलीकडे. तीन-चार जोड उघडले की शोध हातभर तारेवर येऊन ठेपतो, आणि हार्नेसवरची, म्हणजे तारांच्या जुडग्यावरची, टेप सोलायची ती तिथे पोहोचल्यावरच, आधी नव्हे.

नजर कुठे टाकावी हेही सांगितले पाहिजे. तार जिथे पत्र्याच्या भोकातून जाते आणि तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची संरक्षक रिंग) कडक होऊन फुटलेला असतो, ती जागा पहिली. डिक्कीच्या बिजागरीपाशी वाकणारी तार दुसरी. गंजलेल्या टेल लॅम्प होल्डरमध्ये आतली चकती सरकून बॉडीला टेकते. आणि ज्या जागी माणसाचा हात लागला आहे ती प्रत्येक जागा संशयास्पद मानावी: मागच्या सीटमागे स्पीकर बसवताना मारलेला स्क्रू, फॉग लॅम्पसाठी मूळ तार सोलून दिलेला पीळ, नुसती टेप गुंडाळलेले जोड. कारखान्याच्या वायरिंगपेक्षा नंतरच्या उपद्व्यापांनी जास्त शॉर्ट होतात, असे माझे मत आहे.

शॉर्ट अधूनमधूनच होत असेल तर टेस्ट लॅम्प जोडलेला ठेवून एकाने हार्नेस वीतभर अंतराने हलवत जावे आणि दुसऱ्याने लॅम्पवर लक्ष ठेवावे.

हार्नेस पॅनेलखाली गेला असेल तर होकायंत्राची जुनी युक्ती उपयोगी पडते. टेस्ट लॅम्पच्या जागी २१ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडून त्यांच्या मार्गात इंडिकेटरचा फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करवणारा डबा) बसवावा, म्हणजे प्रवाह ठरावीक तालात चालू-बंद होतो. होकायंत्र हार्नेसच्या मार्गावरून सरकवत नेल्यास सुई त्या तालात थरथरते आणि शॉर्टची जागा मागे पडताच ती थरथर थांबते. लोखंडी पत्र्यामुळे सुई दिशा चुकीची दाखवील, पण आपल्याला दिशा नको, ताल हवा.

दोष सापडल्यावर बॅटरीची अर्थची केबल काढूनच दुरुस्ती करावी. खराब भाग कापून त्याच जाडीची व शक्यतो त्याच रंगाची तार घालावी, जोड थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून करावा, त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी आणि ग्रोमेट नवा बसवावा. मग टेस्ट लॅम्प पुन्हा जोडून बटण लावावे. तो विझलेला (मीटरमागचे बल्ब तसेच ठेवले असतील तर अगदी मंद) राहिला तरच बल्ब एकेक करून परत घालावेत. बल्ब घालत गेल्यावर टेस्ट लॅम्प हळूहळू उजळेल, कारण तो त्यांच्याशी एकसर जोडलेला आहे. मात्र एखादा बल्ब घालताच तो एकदम पूर्ण पेटला, तर त्या बल्बचा तळ किंवा होल्डर तपासावा. शेवटी मूळ क्षमतेचा फ्यूज घालावा.

अँबॅसडरसारख्या ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाडीत एक फरक ध्यानात ठेवावा. त्या पद्धतीत हेडलाइटच्या सर्किटला अनेकदा फ्यूजच नसतो, त्यामुळे शॉर्टची पहिली खूण जळक्या प्लॅस्टिकचा वास हीच असते. तो आला की बटण पुन्हा लावून पाहू नये. आधी बॅटरी सोडवावी आणि बॅटरी सुटलेली असतानाच मल्टीमीटरने तपास सुरू करावा.