तुर्की इफ्तार मांडताना या चुका टाळा

तुर्की इफ्तार चवीमुळे क्वचितच फसतो, फसतो तो घड्याळामुळे. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेली माणसं अजानीकडे कान लावून बसलेली असतात आणि सूप अजून चुलीवरच असतं. म्हणून बेत सूर्यास्तापासून उलटा, मागे मोजत आखा. तुर्कस्तानात त्यासाठी इम्साकिये, म्हणजे रमजानचं वेळापत्रक वापरतात, आणि ते आपल्याच शहराचं लागतं. अख्ख्या देशाचं घड्याळ एक, तरी पूर्वेकडच्या कार्समध्ये इस्तंबूलच्या जवळजवळ तासभर आधी रोजा सुटतो.

सगळं एकदम ताटात वाढणं ही पाहुणचाराच्या उत्साहातली चूक. आधी इफ्तारियेलिक येतं: छोट्या बशांतून खजूर, ऑलिव्ह, चीज, मुरंबे, मध आणि कायमाक, म्हणजे दाट साय. खजूर किंवा ऑलिव्ह आणि पाण्यावर रोजा सोडायचा, मग सूप. पुष्कळ घरांत त्यानंतर मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज होते आणि मगच मटणाचा किंवा भाज्यांचा मुख्य पदार्थ आणि पिलाव येतो. हा मधला विसावा पोटाला फार मानवतो. पास्तिर्मा हे सुकवलेलं मांस खारट असतं, रात्रभर तहान लागते. तेव्हा ते एक-दोन कापच ठेवा.

सूप बहुधा मसूर डाळीचं. इथे आपला हात सवयीने मोहरी-हळदीकडे जातो, तो आवरा, नाहीतर आमटी होईल. कांदा, गाजर आणि डाळ मऊ शिजवून घुसळायची, वरून लोण्यात परतलेली लाल मिरचीची भरड, सोबत लिंबाची फोड. ठेवल्यावर ते घट्ट होतं. वाढण्याआधी उकळतं पाणी घालून सैल करा. आणि रोजा धरून रांधणार असाल तर मीठ अंदाजाने नको, मोजून घाला.

सर्वांत जास्त फजिती गुल्लाच या दुधातल्या गोड पदार्थाची होते. मक्याच्या स्टार्चच्या कागदासारख्या पातळ पापड्या, दूध, साखर, अक्रोड, गुलाबपाणी: एवढंच साहित्य, पण दूध उकळतं ओतलं की पापड्यांचा लगदा होतो आणि थंड ओतलं तर कडा कोरड्या, चिवट राहतात. साखर घालून दूध तापवा, बोट सहन करेल इतपत कोमट होऊ द्या, गुलाबपाणी तेव्हाच घाला. एकेक पापडी पूर्ण भिजली की पुढची ठेवायची, मध्यावर अक्रोडाचा थर. साधारण 10 पापड्यांना दीड लिटर दूध लागतं. दूध वाचवू नका, पापड्या ते नंतरही पीत राहतात. दुपारीच करून फ्रिजमध्ये ठेवा, डाळिंबाचे दाणे मात्र वाढतानाच घाला.

सरबतासाठी देमिरहिंदी करून पाहा. ही आपलीच चिंच. तुर्की नावाचं मूळ अरबीत, अर्थ ‘हिंदुस्थानी खजूर’. चिंच रात्रीच भिजवावी लागते, संध्याकाळी आठवून उपयोग नाही.

रमजानची पिदे, तीळ-कलौंजी लावलेली गोल मऊ रोटी, दुपारी आणून ठेवू नका. तिच्यासाठी इफ्तारच्या तोंडावर बेकरीबाहेर रांगा लागतात, कारण ती गरम असतानाच तिची खरी गोडी. उरलेली फडक्यात गुंडाळून ठेवा. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, चीज घालून तव्यावर भाजली की उत्तम लागते.