यूएसबी ड्रायव्हरमधील मेमरीच्या त्रुटी कशा शोधाव्यात

लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडपैकी निम्म्याहून अधिक भाग ‘ड्रायव्हर्स’ या एकाच फोल्डरमध्ये आहे आणि तो सगळा कर्नलच्या पूर्ण अधिकारानिशी चालतो. त्यामुळे एखाद्या विस्मृतीत गेलेल्या साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमधील चूकही संपूर्ण यंत्राचा ताबा देऊ शकते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सर्बियातील एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा लॉक केलेला अँड्रॉइड फोन सेलेब्राइट कंपनीच्या साधनाने उघडण्यात आला होता, आणि त्यासाठी यूएसबी ड्रायव्हरमधील त्रुटींची साखळी वापरली गेली होती. या साखळीशी जोडल्या गेलेल्या तीन त्रुटी, म्हणजे सीव्हीई-२०२४-५३१०४, ५३१९७ आणि ५०३०२ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक), तीन वेगवेगळ्या जातींच्या आहेत. सी भाषा वाचता येणाऱ्या आणि ड्रायव्हर लिहिण्याची किंवा तपासण्याची जबाबदारी असलेल्या वाचकासाठी पुढील पद्धत याच तीन त्रुटींच्या आधाराने मांडली आहे.

सुरुवात करताना यंत्राला जोडलेले उपकरण हाच परका मानावा. बहुतेक ड्रायव्हर वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून येणारी माहिती बऱ्यापैकी तपासतात, पण उपकरणाने पाठवलेल्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे स्वतःची माहिती देणाऱ्या नोंदीवर, मात्र डोळे झाकून विश्वास ठेवतात. यूएसबीमध्ये उपकरण स्वतःची ओळख स्वतःच सांगते. हल्लेखोराच्या हातातील उपकरण ‘मी अमुक कंपनीचा वेबकॅम आहे’ असे म्हणाले की कर्नल निमूटपणे त्या वेबकॅमचा ड्रायव्हर लोड करतो. म्हणून कागदावर आधी एक यादी करावी: डिस्क्रिप्टर, इंटरप्ट किंवा बल्क ट्रान्सफरमधून येणारा डेटा, कंट्रोल रिक्वेस्टची उत्तरे, आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमकडून, आयऑक्टल व साध्या रीड-राइट कॉलमधून येणारे आकडे. या यादीतील प्रत्येक आकडा कुठे कुठे जातो, हे कोडमध्ये बोट ठेवून पाहावे. तो आकडा मेमरी मागताना, अॅरेचा निर्देशांक म्हणून किंवा लूपची मर्यादा म्हणून वापरला गेला, की तिथे थांबून तो कोणी आणि केव्हा तपासला हे शोधावे.

५३१०४ ही त्रुटी याच पद्धतीने सापडण्यासारखी होती. यूव्हीसी, म्हणजे यूएसबी वेबकॅमचा सर्वसाधारण ड्रायव्हर, उपकरणाचे डिस्क्रिप्टर दोनदा चाळतो. पहिल्या फेरीत फॉरमॅट किती, फ्रेम किती आणि इंटरव्हल किती हे मोजून तेवढी मेमरी एकदम मागतो. दुसऱ्या फेरीत तीच डिस्क्रिप्टर पुन्हा वाचून त्या मेमरीत नोंदी भरतो. पहिल्या फेरीत बरीच काळजी घेतलेली दिसते. एमजेपेग फ्रेममध्ये इंटरव्हलची संख्या २५ क्रमांकाच्या बाइटमध्ये असते, तेव्हा डिस्क्रिप्टरची लांबी २५ पेक्षा जास्त आहे की नाही हे पाहूनच तो बाइट वाचला जातो, आणि तिथे शून्य असेल तर किमान, कमाल व टप्पा अशा तीन आकड्यांची जागा धरली जाते. अडचण दुसऱ्या फेरीत होती. डीव्ही फॉरमॅटला वेगळ्या फ्रेम डिस्क्रिप्टरची गरज नसते, म्हणून ‘अपेक्षित फ्रेम प्रकार’ या व्हेरिएबलमध्ये शून्य राही. मात्र उपकरणाने प्रकाराच्या जागी शून्य लिहिलेले डिस्क्रिप्टर पाठवले, की ‘अपेक्षित प्रकाराशी जुळते’ असे समजून ड्रायव्हर ते फ्रेम म्हणून भरू लागे. पहिल्या फेरीने मात्र अशा फ्रेमला मोजलेलेच नसे. पाने मोजणाऱ्याने एक यादी धरावी आणि वाढप्याने दुसरीच, तसा हा प्रकार होता. मागितलेल्या मेमरीपलीकडे लिखाण होई, आणि काय लिहायचे हे उपकरणाच्या हातात असे. दुरुस्ती म्हणून लूपच्या अटीत ‘अपेक्षित प्रकार शून्य नसेल तरच’ एवढे वाढवण्यात आले.

यावरून नियम असा घ्यावा, की जिथे मोजण्याची आणि भरण्याची फेरी वेगळी आहे तिथे दोन्ही फेऱ्यांच्या अटी शेजारी शेजारी मांडून तंतोतंत ताडून पाहाव्यात. शक्य असल्यास भरण्याच्या फेरीतही ‘आतापर्यंत किती भरले’ ही गणती ठेवून, मोजलेल्या संख्येशी तुलना केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटते, पण माझ्या मते ड्रायव्हरमध्ये तिच्याइतकी स्वस्त सुरक्षा दुसरी नाही. डिस्क्रिप्टर वाचताना पहिल्या बाइटमधील लांबी शून्य आहे का, आणि उरलेल्या बफरपेक्षा ती जास्त आहे का, हेही दर वेळी पाहावे. मेमरी मागताना संख्या आणि आकार यांचा गुणाकार हाताने करू नये. गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर मेमरी मिळते, पण ती फारच लहान असते. के-मॅलॉक_अॅरे आणि स्ट्रक्ट_साइझ ही साधने याचसाठी आहेत.

५३१९७ मधील चूक वेगळी आहे. क्रिएटिव्हच्या एक्स्टिजी या साउंड कार्डाला सुरू झाल्यावर स्वतःची ओळख बदलण्याची सवय होती, म्हणून ड्रायव्हर त्याचे मुख्य डिस्क्रिप्टर पुन्हा मागवून थेट कर्नलच्या नोंदीवरच लिहीत असे. त्या डिस्क्रिप्टरमध्ये कॉन्फिगरेशनची संख्याही असते, आणि कर्नलने मेमरी मागितली होती ती पहिल्या वेळच्या संख्येनुसार. दुसऱ्या वेळी उपकरणाने मोठी संख्या सांगितली, की पुढे उपकरण काढताना कर्नल अॅरेच्या बाहेरची मेमरी स्वतःची समजून मोकळी करायला जाई. दुरुस्तीमध्ये नवे डिस्क्रिप्टर आधी तात्पुरत्या जागेत घेऊन संख्या वाढलेली नाही ना हे तपासले जाते. तेव्हा एकच गोष्ट दोनदा वाचणारा कोड दिसला, की दोन वाचनांच्या मध्ये उत्तर बदलले तर काय होईल हा प्रश्न विचारावा. वापरकर्त्याच्या मेमरीतून कॉपी_फ्रॉम_यूजरने दोनदा वाचतानाही हाच प्रश्न लागू होतो.

५०३०२ बद्दल फार सांगण्यासारखे नाही. कीबोर्ड-माउसच्या एचआयडी गाभ्यामध्ये रिपोर्टचा बफर शून्याने न भरता मागितला जाई, त्यामुळे आधीच्या वापरातील कर्नलची माहिती बाहेर जाण्याची वाट मोकळी राही. के-मॅलॉकऐवजी केझेडअलॉक वापरून हे बंद झाले. यंत्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येक बफरसाठी हाच नियम पाळावा.

या तिन्ही त्रुटींमध्ये नसलेली, पण ड्रायव्हरमध्ये वारंवार आढळणारी चौथी जात म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे. केबल उपसली की डिस्कनेक्ट फंक्शन चालते, पण त्या क्षणी एखाद्या प्रोग्रॅमने उपकरणाची फाइल उघडी ठेवलेली असू शकते, टायमर लावलेला असू शकतो, वर्कक्यूमध्ये काम थांबलेले असू शकते. डिस्कनेक्टमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवे काम येण्याचे दार बंद करावे, मग यूआरबी, म्हणजे यूएसबीवरील देवाणघेवाणीच्या विनंत्या, थांबवाव्यात, मग कॅन्सल_वर्क_सिंकने चालू काम संपू द्यावे, आणि अगदी शेवटी मेमरी सोडावी. यूआरबी संपल्यावर काम लावले जाते आणि ते काम यूआरबी पुन्हा पाठवते, असे चक्र असेल तर यूएसबी_किल_यूआरबी पुरत नाही. पुन्हा पाठवणे कायमचे नाकारणारे यूएसबी_पॉइझन_यूआरबी वापरावे. कर्नल ६.२ पासून टायमरसाठीही पुन्हा लावता न येणारे टायमर_शटडाउन_सिंक उपलब्ध आहे. डेव्हएम_केझेडअलॉकच्या सोयीला मात्र भुलू नये. ती मेमरी ड्रायव्हर सुटताच आपोआप मोकळी होते, मग फाइल उघडी असो वा नसो. उघड्या फाइलशी आयुष्य जोडलेल्या संरचनेला केरेफने संदर्भ मोजूनच सोडावे.

वाचून झाल्यावर कोड चालवून पाहावा. कर्नल अॅड्रेस सॅनिटायझर, ज्याला सगळे कासान म्हणतात, तो २०१५ मध्ये ४.० आवृत्तीत आला. प्रत्येक ८ बाइटमागे १ बाइटची नोंद ठेवून तो चुकीचा मेमरी-वापर जागीच पकडतो. यासाठी खरे उपकरण लागत नाही. क्वेमू या आभासी यंत्रात कासान चालू केलेला कर्नल बूट करावा, डमी_एचसीडीने खोटा यूएसबी होस्ट उभा करावा आणि ५.७ पासून असलेल्या रॉ गॅजेटच्या मदतीने हवे ते वेडेवाकडे डिस्क्रिप्टर पाठवावे. सिझकॉलर हे साधन याच मार्गाने ड्रायव्हरवर अखंड मारा करते. कासानच्या अहवालात चूक घडल्याची जागा, मेमरी कोणी मागितली आणि कोणी सोडली असे तीन कॉल स्टॅक असतात. मोकळी मेमरी वापरल्याच्या प्रकरणात ‘कोणी सोडली’ हा स्टॅक आधी वाचावा, कारण दुरुस्ती बहुधा तिथेच असते. मुळात कासान फक्त पहिली चूक सांगून गप्प बसतो. पुढच्याही हव्या असतील तर बूट करताना कासान_मल्टी_शॉट द्यावे. एकाच संरचनेच्या आतल्या आत झालेले अतिक्रमण आणि शून्याने न भरलेली मेमरी त्याला दिसत नाही. दुसऱ्यासाठी ६.१ मध्ये आलेला केएमसॅन आहे, मात्र त्याला क्लँग कंपायलर लागतो.

६.१ मध्येच कर्नलमध्ये रस्ट भाषेचाही प्रवेश झाला. नवा ड्रायव्हर लिहायचा असेल तर तिचा विचार जरूर करावा. यूव्हीसीसारखी मोजणीतील चूक रस्टमध्येही होऊ शकते, पण तिथे अॅरेबाहेर लिहिण्याऐवजी रस्टचा कोड पॅनिक होऊन तिथेच थांबेल.

दुरुस्ती तयार झाली की, त्रुटीचा गैरफायदा घेता येण्यासारखा असेल तर आधी कर्नलच्या सुरक्षा चमूला खासगीत कळवावे. पॅचच्या संदेशात ‘फिक्सेस’ या ओळीत चूक मुळात आणणाऱ्या कमिटचा उल्लेख न चुकता करावा आणि प्रत स्टेबल, म्हणजे जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या, यादीला पाठवावी. ५३१०४ मधील चूक २००८ च्या २.६.२६ आवृत्तीपासून होती, आणि दुरुस्ती किती जुन्या शाखांपर्यंत न्यायची हे स्टेबल सांभाळणारे याच एका ओळीवरून ठरवतात.