युनिक्सचा शेल विंडोजवर न्यायचाय? आधी फोर्क कुठेकुठे आहे ते शोधा

पोर्टिंग, म्हणजे एका सिस्टिमवरचा प्रोग्रॅम दुसरीवर नेणं, शिकायला शेल (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) घ्यायचा विचार असेल तर विचार चांगला आहे, फक्त पहिल्याच फटक्यात बॅश घेऊ नका, फार मोठा आहे, वाचण्यातच उत्साह संपेल. डॅश घ्या किंवा बिझीबॉक्स या युनिक्स कमांडच्या छोट्या संचातला अ‍ॅश घ्या. दोघांचं मूळ एकच, केनेथ अल्मक्विस्टने १९८९ च्या सुमारास लिहिलेला अ‍ॅश, आणि कोड एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढाच आहे. मी पण याच घराण्यातला शेल घेतला होता. मॅक किंवा बीएसडीवर नेणार असाल तर खालचं बरंचसं तुम्हाला लागूच नाही, तिथे खाली युनिक्सच आहे.

कंपाइल करायला घेतलं की एररची रांग लागते, टर्मिनल आणि सिग्नल सांभाळणाऱ्या युनिक्सच्या सोयी तिथे नाहीत म्हणून, टर्मिओस सापडत नाही, सिगअ‍ॅक्शन सापडत नाही, वगैरे वगैरे. ते कटकटीचं आहे पण अवघड नाही, रिकामी फंक्शनं टाकत गेलं की एकदाचं कंपाइल होतं, प्रॉम्प्टसुद्धा येतो आणि वाटतं झालंच की. मग पहिला पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं) टाकून बघा, तिथे फोर्क लागतो आणि गाडं अडतं.

फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत, व्हेरिएबल, फंक्शन, उघड्या फाइली सगळ्यासकट. विंडोजचं क्रिएटप्रोसेस तसं करत नाही, ते कुठली तरी एक्झी फाइल कोऱ्या अवस्थेत सुरू करून देतं. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायला तेवढं पुरतं, उलट बरंच पडतं. गोम आहे ती सबशेलमध्ये. कंसात टाकलेल्या कमांड, कमांड सब्स्टिट्यूशन, पाइपच्या पुढचा व्हाइल लूप, बॅकग्राउंडला सोडलेलं फंक्शन, इथे दुसरा प्रोग्रॅम नसतोच, शेलला स्वतःचीच प्रत हवी असते, म्हणजे आत डिरेक्टरी बदलली, व्हेरिएबल बदललं तरी बाहेरच्याला पत्ता लागू नये. म्हणून कोड हातात आला की आधी फोर्क जिथे जिथे बोलावलाय त्या जागा काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा, इथे पुढे एक्झेक (प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चढवणं) आहे की नाही. ज्यांच्यापुढे नाही तेच तुमचं खरं काम.

यावर लोकांनी तीन रस्ते काढलेत. सिगविन (युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालवायची लायब्ररी) फोर्कची नक्कल करतो, नवीन प्रोसेस थांबवलेल्या अवस्थेत सुरू करून त्यात मेमरी कॉपी करतो, चालतं पण हळू, आणि डीएलएल (प्रोग्रॅमसोबत लोड होणाऱ्या लायब्ररी) दोन्ही प्रोसेसमध्ये एकाच पत्त्यावर लोड झाल्या नाहीत तर फोर्कच फेल होतो. दुसरा रस्ता केएसएच९३ चा (कॉर्न शेल), सबशेल त्याच प्रोसेसमध्ये चालवायचा आणि संपल्यावर सगळं पूर्ववत करायचं. वेगवान आहे, पण काहीतरी पूर्ववत करायचं राहिलं की बग, आणि काहीतरी राहतंच. तिसरा बिझीबॉक्सच्या विंडोज पोर्टचा, शेल स्वतःचीच एक्झी पुन्हा सुरू करतो आणि आपली अवस्था बांधून तिच्या हवाली करतो.

मी तिसरा घेतला आणि नवख्यांना तोच सुचवेन, कारण काय काय न्यायचंय ते डोळ्यांसमोर राहतं. पार्स केलेलं झाड (कमांडची फोड करून बनलेली रचना), व्हेरिएबल, फंक्शन, एलियस सगळं एका सलग ब्लॉकमध्ये भरायचं, तो शेअर्ड मेमरीतून पलीकडे द्यायचा, आणि पलीकडे तो वेगळ्या पत्त्यावर उतरणार म्हणून आतला प्रत्येक पॉइंटर तेवढ्या फरकाने सरकवायचा. एखादं फील्ड भरायचं राहिलं की साध्या कमांडला काहीच होत नाही आणि तीच कमांड पाइपमध्ये टाकली की क्रॅश. यावर उपाय म्हणजे बांधणं-सोडणं आधी एकाच प्रोसेसमध्ये करून बघायचं, सोडलेलं झाड परत छापायचं आणि मूळ झाडाशी ताडायचं, दुसरी प्रोसेस त्यानंतर.

(मशीनला चिकटलेला शेल ही जुनीच कथा आहे. युनिक्सचा जुना बॉर्न शेल मेमरी कमी पडली की सेगमेंटेशन फॉल्ट (नसलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) मुद्दाम होऊ द्यायचा आणि सिग्नल हँडलरमध्ये जागा वाढवून पुढे जायचा. ६८००० प्रोसेसरला फॉल्ट झालेली इन्स्ट्रक्शन परत नीट चालू करता येत नव्हती, त्यामुळे तिथे पोर्ट करणाऱ्यांचे हाल झाले.)

बाकी बारीकसारीक. विंडोजवर आर्ग्युमेंटची यादी जात नाही, एकच लांब स्ट्रिंग जाते, जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरं, आणि ती कशी तोडायची ते समोरचा प्रोग्रॅम ठरवतो, त्यामुळे कोट आणि बॅकस्लॅशचं कोडिंग शांत डोक्याने करा. पाथ व्हेरिएबलमधली डिरेक्टरींची यादी कोलनने तोडाल तर C: मधलं ड्राइव्हचं अक्षर वेगळं पडेल. फाइली बायनरी मोडमध्येच उघडा, टेक्स्ट मोडमध्ये २६ नंबरचा बाइट दिसला की फाइल संपली असं धरलं जातं. एक्झिट कोड तिकडे ३२ बिटांचा, स्क्रिप्टना ८ बिटांची सवय, म्हणून कंट्रोल-सीने मेलेल्या प्रोसेसचा भलामोठा आकडा १३० करून द्या. एका वेळी अनेक प्रोसेसची वाट बघणाऱ्या कॉलला ६४ ची मर्यादा आहे. जॉब कंट्रोल (चालू कामं थांबवणं, मागे-पुढे आणणं) बंदच ठेवा, युनिक्ससारखे प्रोसेस ग्रुप तिथे नाहीत आणि ओढूनताणून केलेलं अर्धवटच राहतं.

डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) असताना हे कशाला, असं कोणीतरी विचारणारच. डब्ल्यूएसएल २ म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणारं खरं लिनक्स कर्नल, नेटिव्ह बिल्डमध्ये एक छोटी एक्झी टाकून काम भागवायचं असेल तर ते फार जड होतं.

टेस्टला ऑटोकॉन्फची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधी सिस्टिम तपासणारी) घ्या, सबशेलचा इतका मारा दुसरीकडे मिळणार नाही, आणि लिनक्सवर त्याच शेलने आलेल्या आउटपुटशी ताडा. पॅच मूळ प्रोजेक्टला पाठवणार असाल तर विंडोजचा कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, जागोजागी इफडेफ (सिस्टिम बघून कोड घेणाऱ्या-वगळणाऱ्या ओळी) पेरलेला पॅच बहुतेक मेंटेनर वाचायलाच घेत नाहीत.