पद्मिनी गरम झाली की बंद पडते? कॉइल बदलायच्या आधी हे तपासा

फियाट ११००, पद्मिनी, जुनी अ‍ॅम्बेसेडर, थोडक्यात पॉइंट-कंडेन्सरवर (पॉइंट म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला उघड-मीट करणारा स्विच, कंडेन्सर म्हणजे त्या स्विचवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) चालणारी गाडी ज्याच्याकडे आहे त्याला ही तक्रार माहीत असणार. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, वीसेक मिनिटं झकास पळते, मग मिसिंग मारायला लागते आणि सिग्नलला बंद, आणि अर्ध्या तासाने परत काही झालंच नाही अशी चालू. बॉनेट उघडायच्या आधीच कोणीतरी सांगतं, कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा डबा) गेली. असेलही गेलेली, पण नवी कॉइल टाकूनही तेच रडगाणं चालू राहिलंय असं इतक्यांदा होतं की मी आधी कॉइलवर संशय घेतच नाही.

महत्त्वाचं एवढंच की टेस्ट गाडी बंद पडल्यावर तिथेच करायची, गरम असताना. घरी आणून दुसऱ्या दिवशी गार कॉइल मोजलीत तर मीटर सगळं ओकेच दाखवणार.

डिकीत मल्टिमीटर, इन्सुलेशनवाली पक्कड, एक स्पेअर कंडेन्सर आणि एक जुना प्लग ठेवा. प्लगची बाजूची वाकडी पट्टी कापून टाका. कारण असं, की प्लगचा गॅप साधारण ०.६ मिमी असतो आणि मोकळ्या हवेत एवढी ठिणगी मरायला टेकलेली कॉइलसुद्धा पाडते, सिलेंडरच्या आत कॉम्प्रेशनमध्ये मात्र तिचा दम संपतो. पट्टी कापलेल्या प्लगला पाच-सहा मिमी उडी मारावी लागते, तिथे खरं काय ते कळतं.

पहिलं काम, करंट की पेट्रोल ते ठरवा. कॉइलकडून येणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, हा प्लग तिला लावा, प्लगची बॉडी तारेने इंजिनला घट्ट बांधा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरायची नाही, पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात, आणि कार्बोरेटरपासून लांब, पेट्रोल गळत असेल तर हा प्रयोगच नको. वायर नुसती हवेत लोंबकळत ठेवून पण सेल्फ मारू नका, करंटला बाहेर वाट मिळाली नाही की तो कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडतो.

निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल निर्दोष सुटली. मग रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा), कॅपमधला कार्बन, प्लगच्या वायरी बघा (पावसाळ्यात कॅप आतून पुसून घ्या, मुंबई-कोकणात निम्मा त्रास तिथेच संपतो), आणि मे महिना असेल तर पेट्रोल पंपावर ओला फडका टाका. त्याने चालू झाली तर व्हेपर लॉक होता, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला होता.

ठिणगी पिवळी, मरतुकडी किंवा नाहीच, तर पुढे चला. इग्निशन ऑन करून कॉइलच्या प्लस टर्मिनलवर (जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू, काहींवर १५ लिहिलेलं असतं) आणि बॉडीमध्ये व्होल्टेज मोजा. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीच्या जवळपास यायला पाहिजे, आठ-नऊच आले तर इग्निशन स्विच किंवा मधला जॉइंट करंट खातोय. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला कमी व्होल्टेज मिळावं म्हणून वाटेत बसवलेला रेझिस्टर) असलेल्या गाडीत मात्र सहा-आठ हेच बरोबर. आता डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं टर्मिनल, म्हणजे मायनस किंवा सीबी: पॉइंट मिटलेले असताना जवळजवळ शून्य, उघडले की १२. मिटूनही व्होल्ट दिसले तर पॉइंट जळालेत किंवा घाण बसलीय. उघडूनही शून्यच, तर कंडेन्सर शॉर्ट झालाय किंवा पॉइंटची बारीक वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, नाहीतर कॉइलचीच आतली तार तुटलीय. ही मोजणी पटापट उरका. इंजिन बंद, पॉइंट मिटलेले आणि चावी ऑन, अशा वेळी साध्या कॉइलमधून सतत ४ अँपियर जातात, म्हणजे ४८ वॉटची उष्णता त्या छोट्या डब्यात, तेल गळायला लागतं ते असंच.

इथपर्यंत ठीक असेल तर कंडेन्सर बदलून बघा. गरम झाल्यावर मरायची सवय त्यालाही असते, लक्षणं हुबेहूब कॉइलसारखी, आणि किंमत कॉइलच्या पुढे काहीच नाही. पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडताना दिसल्या तर जवळपास नक्कीच तो.

मग ओहम. चावी ऑफ, कॉइलच्या सगळ्या वायरी काढा, मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जे येईल ते वजा करायचं लक्षात ठेवा. दोन छोट्या टर्मिनलमध्ये साध्या १२ व्होल्ट कॉइलला ३ ओहमच्या आसपास, बॅलास्टवालीला दीड. गरम असताना ३ चे साडेतीन-पावणेचार झाले तर घाबरू नका, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतोच. मधलं भोक आणि एक टर्मिनल यात साधारण ५ ते १५ हजार ओहम. टर्मिनल ते कॉइलचा डबा, मीटरने ओपन दाखवायला पाहिजे, म्हणजे काहीच जोड नाही.

आकडे चुकले तर कॉइल नक्की खराब. आकडे बरोबर आले म्हणजे चांगलीच असं मात्र नाही, कारण मीटर दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं हजारो व्होल्टवर. तेव्हा शेवटी मित्राच्या गाडीतली चालू कॉइल लावून अर्धा तास फिरवून आणणं हीच खरी परीक्षा. तोंडाशी काळी रेघ किंवा तेलाचा ओघळ दिसला तर तेवढीही तसदी नको, बदलून टाका.

नवी घेताना दुकानातच ओहम मोजा. दीडवाली कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर पॉइंट जळतात, आणि तीनवाली बॅलास्टच्या गाडीत लावली तर ठिणगी कमजोर. मायनस अर्थच्या गाडीत (बॅटरीचं मायनस बॉडीला जोडलेलं) कॉइलचं मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे, प्लस अर्थच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत उलट. उलटी लावली तरी गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण प्लगला जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर मिसिंग चालू. बसवून झाल्यावर पॉइंटचा गॅप पद्मिनीत ०.४ ते ०.५ मिमीमध्ये आहे ना तेही फीलर गेज घालून बघा, आणि क्लॅम्पखालचा गंज घासून काढा, कॉइलची उष्णता तिथूनच बॉडीत जाते.