ईकेएस आणि ईसीएसवरच्या कंटेनरना गार्डड्यूटीचं संरक्षण कसं द्यावं

गार्डड्यूटी म्हणजे एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, धोके हेरणारी सेवा. ईकेएस आणि ईसीएस या तिथल्या कंटेनर चालवायच्या दोन सेवा, पहिली कुबरनेटीसवर चालते. एडब्ल्यूएसच्या कन्सोलवर गार्डड्यूटी चालू करायला मिनिटही लागत नाही. पण कंटेनरच्या बाबतीत त्या बटणाने निम्मंच काम होतं. प्रत्येक नोडवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर) एजंट (पहारा देणारा छोटा प्रोग्राम) पोहोचायला हवा, त्याला गार्डड्यूटीकडे माहिती पाठवायला वाट मिळायला हवी आणि तो खरंच पाठवतोय याची खात्री करायला हवी. घोळ होतो तो इथेच. सेटिंग 'चालू' दाखवत असतं आणि क्लस्टरमधल्या (नोडच्या समूहातल्या) अर्ध्या नोडवर एजंटच नसतो. म्हणून इथे बटणापेक्षा तपासणीवर जास्त भर आहे.

दोन वेगळ्या गोष्टी, दोन्ही लागतात

'ईकेएस प्रोटेक्शन' आणि 'रनटाइम मॉनिटरिंग' यांत नेहमी गल्लत होते. पहिलं क्लस्टरचे कुबरनेटीस ऑडिट लॉग वाचतं, म्हणजे कुणी, कुठल्या अधिकाराने, एपीआय सर्व्हरला (क्लस्टरचे सगळे आदेश घेणाऱ्या भागाला) काय करायला सांगितलं ते. त्याला एजंट लागत नाही आणि नेटवर्कमध्येही काही बदलावं लागत नाही. ते २०२२ च्या जानेवारीत आलं. दुसरं मार्च २०२३ मध्ये ईकेएससाठी आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ईसीएससाठी आलं. ते कंटेनरच्या आत काय चाललंय ते बघतं: कुठली प्रोसेस सुरू झाली, कुठली फाइल उघडली, बाहेर कुठे जोडणी झाली. यासाठी मात्र एजंट हवाच.

कुणी अनोळखी वापरकर्त्याला क्लस्टरचे ॲडमिन अधिकार देऊन ठेवले, तर ते ऑडिट लॉगमध्ये दिसतं. एजंटला दिसत नाही. उलट, ॲप्लिकेशनमधल्या भोकातून कुणी आत शिरून क्रिप्टो मायनर चालवला, तर एपीआय सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. तो एजंटच पकडतो.

ऑडिट लॉगबद्दल एक गोष्ट बरेचदा उशिरा लक्षात येते. गार्डड्यूटी हे लॉग थेट ईकेएसच्या कंट्रोल प्लेनकडून घेतं, त्यासाठी क्लस्टरचं स्वतःचं लॉगिंग चालू असावं लागत नाही. पण म्हणूनच ते लॉग तुमच्या हाती येत नाहीत. रात्री इशारा आला आणि 'या सर्व्हिस अकाउंटने गेल्या अर्ध्या तासात आणखी काय केलं' हे बघायचं झालं, तर बघायला काहीच नसतं. निदान प्रॉडक्शन क्लस्टरचे ऑडिट लॉग क्लाउडवॉचला (एडब्ल्यूएसच्या लॉग साठवणाऱ्या सेवेला) पाठवणं वेगळं चालू करा. त्याला खर्च येतो, पण चौकशीच्या वेळी त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

गार्डड्यूटीच्या आवाक्याबाहेर काय आहे तेही आधीच समजून घ्या. ईकेएसचे जे पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) फारगेटवर (सर्व्हर स्वतः न सांभाळता कंटेनर चालवायच्या सेवेवर) चालतात त्यांना रनटाइम मॉनिटरिंग मिळत नाही. विंडोज नोडनाही नाही. इमेजमधल्या (ज्या साच्यातून कंटेनर बनतो त्यातल्या) जुन्या, भोकं असलेल्या लायब्ररी शोधणं हे गार्डड्यूटीचं काम नाही. त्यासाठी ईसीआरमध्ये (एडब्ल्यूएसच्या इमेज साठवायच्या सेवेत) इन्स्पेक्टर या भोकं शोधणाऱ्या सेवेवर चालणारं एन्हान्स्ड स्कॅनिंग चालू करा.

बटण दाबण्याआधी

गार्डड्यूटी रीजननिहाय, म्हणजे एडब्ल्यूएसच्या एकेका भौगोलिक विभागापुरतं, चालतं. मुंबई रीजनमध्ये चालू केलं म्हणजे सिंगापूरमध्ये झालं असं नाही. जे रीजन वापरत नाही तिथेही निदान मूळ गार्डड्यूटी चालू ठेवा. चोरलेल्या किल्ल्या वापरून मायनिंग करणारे नेमके तुमचं लक्ष नसलेलं रीजन निवडतात.

अनेक अकाउंट असतील तर ऑर्गनायझेशन्सच्या (सगळी अकाउंट एकत्र सांभाळणाऱ्या सेवेच्या) मुख्य अकाउंटमधून सुरक्षेसाठी राखलेलं एक अकाउंट 'डेलिगेटेड ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून नेमा. सगळ्या रीजनमध्ये तेच अकाउंट ठेवावं लागतं, नेमणूक मात्र प्रत्येक रीजनमध्ये वेगळी करावी लागते. नव्या अकाउंटना संरक्षण आपोआप लागू व्हावं असं सेटिंग तिथेच आहे. ते 'फक्त नवी अकाउंट' वर न ठेवता 'सगळी अकाउंट' वर ठेवा, नाहीतर जुनी अकाउंट तशीच राहतात.

मग प्रत्येक व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) उघडून बघा. डीएनएस रिझोल्यूशन आणि डीएनएस होस्टनेम ही दोन्ही सेटिंग चालू हवीत. एजंट आपली माहिती व्हीपीसीमधल्या खाजगी एंडपॉइंटकडे (एडब्ल्यूएसच्या सेवेपर्यंत नेणाऱ्या दाराकडे) पाठवतो आणि त्याचा पत्ता खाजगी डीएनएसने सुटतो. यातलं एक जरी बंद असलं तर एजंट नीट चढतो, पण त्याची माहिती गार्डड्यूटीपर्यंत जात नाही. व्हीपीसीमध्ये स्वतःचा डीएनएस सर्व्हर वापरत असाल, तर या एंडपॉइंटच्या नावाची विचारणा तो व्हीपीसीच्या रिझॉल्व्हरकडे पुढे पाठवतो का तेही तपासा.

ऑर्गनायझेशनची सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीही (अकाउंटना काय करता येईल याची मर्यादा) चाळा. 'गार्डड्यूटी:सेंडसिक्युरिटीटेलिमेट्री' ही ॲक्शन कुठे नाकारलेली नसावी. 'जे परवानगीच्या यादीत नाही ते सगळं बंद' अशा कडक पॉलिसीत ती नकळत अडकते. परमिशन बाउंडरी (एखाद्या रोलच्या अधिकारांची कमाल मर्यादा) वापरत असाल तर तिथेही हेच बघा. नोडचा लिनक्स कर्नल निदान ५.४ हवा.

एखादं क्लस्टर वगळायचं असेल तर त्यावर 'गार्डड्यूटीमॅनेज्ड' हा टॅग 'फॉल्स' या मूल्यासह आधीच लावा. आधी म्हणजे आधीच. स्वयंचलित व्यवस्था चालू झाल्यावर टॅग लावला, तर तोवर चढलेला एजंट हाताने काढावा लागतो. आणि हा टॅग कोण बदलू शकतं यावर आयएएममध्ये (एडब्ल्यूएसच्या अधिकारांच्या व्यवस्थेत) बंधन घाला. ज्याला क्लस्टरवर टॅग लावता येतो, त्याला तुमचं संरक्षणही बंद पाडता येतं.

चालू करणं

गार्डड्यूटीच्या डावीकडच्या मेनूत 'ईकेएस प्रोटेक्शन' उघडून चालू करा. मग 'रनटाइम मॉनिटरिंग' उघडा. तिथे एक मुख्य बटण आहे आणि त्याखाली ईकेएस, फारगेटवरचं ईसीएस आणि ईसीटू (एडब्ल्यूएसचे भाड्याचे सर्व्हर) यांसाठी 'ऑटोमेटेड एजंट कॉन्फिगरेशन'ची वेगवेगळी बटणं आहेत. फक्त मुख्य बटण दाबून उठलात तर एजंट कुठेही चढत नाही. ही चूक सर्रास होते.

ईकेएसचं स्वयंचलित बटण दाबलं की गार्डड्यूटी तीन गोष्टी करतं: व्हीपीसीत 'गार्डड्यूटी-डेटा' सेवेचा एंडपॉइंट बनवतं, त्यासाठी सिक्युरिटी ग्रुप (कुठल्या जोडण्या येऊ द्यायच्या याचे नियम) बनवतं आणि क्लस्टरवर 'एडब्ल्यूएस-गार्डड्यूटी-एजंट' हा ॲडऑन चढवतं. या एंडपॉइंटचे वेगळे पैसे लागत नाहीत. हाताने करायचं ठरवलंत तर एंडपॉइंटला खाजगी डीएनएस चालू ठेवा आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये व्हीपीसीच्या पूर्ण पत्तापट्ट्यातून ४४३ पोर्टवर येणाऱ्या जोडण्या उघडा. खास कारण नसेल तर स्वयंचलितच बरं. एजंटच्या नव्या आवृत्त्या आपोआप चढतात, आणि हाताने चढवलेला एजंट वर्षभर त्याच आवृत्तीवर राहतो.

पहिले ३० दिवस प्रत्येक अकाउंट आणि रीजनमध्ये मोफत असतात. त्या काळात 'यूसेज' पानावर अंदाजे खर्च दिसतो. रनटाइमची आकारणी देखरेखीखालच्या व्हीसीपीयूंवर होते. एजंट चालू असलेल्या इन्स्टन्सचे व्हीपीसी फ्लो लॉग तपासण्याचे पैसे मात्र लागत नाहीत, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच हिशोब करा.

खरंच चालू आहे का

रनटाइम मॉनिटरिंगच्या पानावर कव्हरेजचा टॅब आहे. प्रत्येक क्लस्टरपुढे 'हेल्दी' किंवा 'अनहेल्दी', ॲडऑनची आवृत्ती आणि किती नोडपैकी किती नोड झाकलेत हा आकडा असतो. सगळ्यात आधी तो आकडा बघा. मग क्लस्टरमध्ये 'ॲमेझॉन-गार्डड्यूटी' या नेमस्पेसमधला (क्लस्टरच्या कप्प्यातला) डेमनसेट (प्रत्येक नोडवर एकेक पॉड ठेवणारी व्यवस्था) तपासा. हवे असलेले आणि तयार असलेले पॉड सारखे नसतील तर अडकलेल्या पॉडचे इव्हेंट वाचा. साधारण पुढचीच कारणं निघतात.

इमेज खेचता येत नाही. इंटरनेट नसलेल्या खाजगी क्लस्टरमध्ये हे हमखास होतं. एजंटची इमेज ईसीआरमधून येते, म्हणून ईसीआरचे दोन्ही एंडपॉइंट, म्हणजे एपीआयचा आणि डॉकर रजिस्ट्रीचा, हवेत. शिवाय एस-थ्रीचा (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवायच्या सेवेचा) गेटवे एंडपॉइंटही हवा, कारण इमेजचे थर प्रत्यक्षात एस-थ्रीवर असतात. ईसीआरच्या एंडपॉइंट पॉलिसीत फक्त तुमच्याच अकाउंटच्या रेपॉझिटरींना परवानगी असेल तरी इमेज अडते, कारण ही रेपॉझिटरी एडब्ल्यूएसच्या अकाउंटमध्ये आहे.

पॉड 'पेंडिंग'मध्ये राहतो. छोट्या इन्स्टन्सवर पॉडची मर्यादा आधीच भरलेली असते किंवा मेमरी शिल्लक नसते. ॲडऑनच्या सेटिंगमधून सीपीयू-मेमरीच्या विनंत्या आणि प्रायॉरिटी क्लास बदलता येतो. प्रायॉरिटी वाढवली तर जागेसाठी दुसरे पॉड हुसकले जाऊ शकतात, तेव्हा आधी चाचणी क्लस्टरवर करून बघा.

ॲडमिशन कंट्रोलर (क्लस्टरमध्ये काय येऊ द्यायचं ते ठरवणारा) एजंटला अडवतो. 'प्रिव्हिलेज्ड पॉड नको' किंवा 'अनोळखी रजिस्ट्री नको' असे नियम लावले असतील तर या नेमस्पेसला सूट द्या. अख्खा नियम काढू नका.

पॉड चालू, तरी क्लस्टर 'अनहेल्दी'. मग प्रश्न जवळजवळ नेहमी नेटवर्कचा असतो: ४४३ बंद, खाजगी डीएनएस बंद, क्लस्टरमधल्या नेटवर्क पॉलिसीची आडकाठी, किंवा सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीतला वर सांगितलेला नकार. कव्हरेज एकदा बघून भागत नाही. क्लस्टरची तब्येत बिघडली की इव्हेंटब्रिजवर (घडामोडींची खबर पुढे पाठवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सेवेवर) 'गार्डड्यूटी रनटाइम प्रोटेक्शन अनहेल्दी' असा इव्हेंट येतो. त्याच्यावर नियम लावून ठेवा.

ईसीएसचं वेगळं गणित

फारगेटवर एजंट साइडकार (ॲपच्या जोडीला चालणारा कंटेनर) म्हणून टास्कमध्ये (ईसीएसमधल्या कंटेनरच्या गटात) घातला जातो, तोही फक्त नव्याने सुरू होणाऱ्या टास्कमध्ये. आधीपासून चालू असलेल्या टास्कला तो चिकटत नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हिस 'फोर्स न्यू डिप्लॉयमेंट'ने फिरवा. प्लॅटफॉर्म आवृत्ती १.४.० किंवा त्यापुढची हवी. टास्क एक्झिक्युशन रोलला ईसीआरमधून इमेज खेचायची परवानगी हवी. तुमच्या इमेज दुसऱ्याच रजिस्ट्रीत असतील तर ती परवानगी नेमकी सुटलेली असते.

गोम अशी, की साइडकार सुरू झाला नाही तरी टास्क अडत नाही. ही रचना मुद्दाम तशीच केलेली आहे. ॲप व्यवस्थित चालतं, त्यामुळे संरक्षण नाही हे कव्हरेज टॅब उघडल्याशिवाय कळत नाही. साइडकार टास्कच्याच मेमरीतून खातो. सगळ्यात लहान टास्कमध्ये त्याची मर्यादा १२८ एमबी असते. ५१२ एमबीचा टास्क काठोकाठ भरलेला असेल तर आधी मेमरी वाढवा, नाहीतर गार्डड्यूटी लावल्याच्या दिवशीच ॲप मेमरीअभावी मरायला लागतं.

ईसीटूवर चालणाऱ्या ईसीएससाठी ईसीटूचं स्वयंचलित बटण लागतं. तिथे एजंट सिस्टम्स मॅनेजरमार्फत (सर्व्हर दुरून सांभाळायच्या सेवेमार्फत) चढतो, तेव्हा ते इन्स्टन्स सिस्टम्स मॅनेजरमध्ये दिसायला हवेत.

चाचणी आणि इशारे

सेटिंग्जमधल्या 'सॅम्पल फाइंडिंग्ज'ने फक्त इशारा तुमच्यापर्यंत येतो का हे कळतं. एजंट काम करतो का हे नाही. एजंट तपासायला एक साधा बिझीबॉक्स पॉड उभा करा आणि त्यातून 'गार्डड्यूटीसीटूॲक्टिव्हिटीबी डॉट कॉम' या नावाची एनएसलुकअपने विचारणा करा. हे नाव एडब्ल्यूएसने खास चाचणीसाठीच ठेवलेलं आहे. थोड्या वेळात 'बॅकडोअर:रनटाइम' प्रकारचा इशारा यायला हवा, आणि त्यात पॉडचं व नेमस्पेसचं नाव असायला हवं. इशारा आला पण 'बॅकडोअर:ईसीटू' या नावाने, तर तो व्हीपीसीच्या डीएनएस लॉगवरून आलाय. एजंट अजून गप्पच आहे.

इशाऱ्यांची तीव्रता आकड्यांत असते. ७ किंवा त्याहून जास्त असेल तर ड्यूटीवरच्या माणसाला लगेच कळवा. ४ ते ६.९ साठी तिकीट पुरे. तोच इशारा पुन्हा पुन्हा उठत असेल तर इव्हेंटब्रिजला त्याची नवी खबर मुळात ६ तासांनी जाते. ते सेटिंग १५ मिनिटांवर आणा. इशारे ९० दिवसच राहतात, जास्त काळ हवे असतील तर एस-थ्रीमध्ये निर्यात चालू करा.

'रिव्हर्सशेल' किंवा 'डॉकरसॉकेटॲक्सेस्ड' असा इशारा आला तर पॉड लगेच उडवू नका. पुरावाही त्याच्यासोबत जातो आणि डिप्लॉयमेंट त्याच इमेजचा नवा पॉड उभा करते. पॉडची लेबलं बदलून त्याला सर्व्हिसमधून बाजूला काढा, नेटवर्क पॉलिसीने त्याचं येणं-जाणं बंद करा, नोड कॉर्डन करा (म्हणजे त्यावर नवे पॉड येणार नाहीत) आणि पॉडच्या आयएएम रोलची चालू सेशन रद्द करा.

बंद करताना

रनटाइम मॉनिटरिंग बंद केल्याने एजंट, एंडपॉइंट आणि सिक्युरिटी ग्रुप जात नाहीत. ते हाताने काढावे लागतात. टेराफॉर्म (क्लाउडची रचना कोडमधून उभी करायचं साधन) वापरणाऱ्यांना हे खास जाचतं: एंडपॉइंट आणि सिक्युरिटी ग्रुप गार्डड्यूटीने बनवलेले असल्याने टेराफॉर्मच्या नोंदीत नसतात, आणि 'डिस्ट्रॉय' सबनेट किंवा व्हीपीसीवर येऊन अडकतं. आधी क्लस्टर काढा, मग 'गार्डड्यूटी-डेटा'चा एंडपॉइंट, मग त्याचा सिक्युरिटी ग्रुप आणि शेवटी व्हीपीसी. वरचेवर उभे करून पाडायचे क्लस्टर असतील तर त्यांच्यापुरता एंडपॉइंट टेराफॉर्ममध्येच लिहा आणि एजंट हाताने चढवा.